उपरोक्तसाहेब

आमच्या ऑफिसात त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलंय. एरवी शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांसाठी ते उपरोक्तसाहेब. आस्थापना विभागात रुजू झाले तेव्हा टेबलावर गोदरेजचा टाइपरायटर होता आणि खणात कार्बनपेपर. पुढे दोन्ही गेले आणि ईमेल आला. साहेबांच्या लेखी मात्र त्यामुळे फक्त पोस्टाची तिकिटं वाचली, बाकी काही बदललं नाही.

1971 साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरने शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये पहिला ईमेल पाठवला. त्यात काय लिहिलं होतं, ते पुढे त्याला स्वतःलाच आठवेना. साहेबांना हे कळलं तर रात्रभर झोप लागायची नाही. जगातला पहिला मेल, आणि स्थळप्रत नाही!

साहेबांचा मेल उघडला की पहिली ओळ अशी: ‘विषय : विषयांकित बाबीसंदर्भात.’ त्याखाली संदर्भ. एक, या कार्यालयाचा मागील मेल. दोन, आपले दूरध्वनीवरील संभाषण. तीन, कॅन्टीनमधील चर्चा. मग ‘महोदय/महोदया’, कारण पलीकडच्या टेबलावरचा माणूस वीस वर्षं ओळखीचा असला म्हणून काय झालं? आणि मग ते सुप्रसिद्ध ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’. या ‘की’नंतर वाक्य जे निघतं, ते दोन पूर्णविराम वाचवून थेट खालच्या परिच्छेदात उतरतं. मीटिंग किती वाजता, हे तिथेच कुठेतरी असतं. शोधणाऱ्याला सापडतं.

शेवटी हुकूम : ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.’ कोणी करावी? साहेब ते लिहीत नाहीत. मेल जातो बारा जणांना, बाराही जण उरलेल्या अकरांकडे बघतात, आणि कार्यवाही होत नाही. मग आठवड्याने स्मरणपत्र क्रमांक एक.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे ऑफिसात फक्त साहेबांना मनापासून पटलेलं आहे. फरक इतकाच, की कार्बनपेपर चौथ्या-पाचव्या प्रतीला फिका पडायचा, त्यामुळे माणूस आवरतं घ्यायचा. सीसीला ती लाज नाही. साहेबांचे साहेब, त्यांचे साहेब, हिशेब विभाग, आणि एकदा तर मीटिंगला चहा लागणार म्हणून कॅन्टीनचा ठेकेदार. त्याने बिचाऱ्याने सगळ्यांना उत्तर दिलं : ‘साखर किती?’ खरं सांगायचं तर त्या अख्ख्या मालिकेत मुद्द्याचा मेल तेवढाच.

‘सोबत : वरीलप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं, सोबत काहीच नसतं. दुसऱ्या मेलमध्ये येतं ते टाइप केलेल्या कागदाची प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन केलेलं पान. तेही आडवं. नाव ‘स्कॅन001’. साहेबांची सगळी स्कॅन ‘स्कॅन001’च असतात.

गंमत पुढेच आहे. मेल पाठवून झाला की साहेब उठतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि टेबलाशी येऊन विचारतात, “मेल मिळाला का हो?” आपण म्हणतो, मिळाला, वाचतोय. “अहो, वाचताय काय? उद्या अकराला मीटिंग. तुम्ही फक्त भाड्याची फाइल घेऊन या.” कोणी, काय, केव्हा, सगळं आलं! याच माणसाला कीबोर्डपुढे बसवलं की काय होतं कोण जाणे. भीती असावी. बोललेलं उडून जातं, लिहिलेलं चौकशीत निघतं.

मागच्या महिन्यात मात्र साहेबांचा हात घसरला. सगळा मजकूर विषयाच्या रकान्यात पडला आणि खाली काही न लिहिताच मेल गेला : ‘उद्या लिफ्ट बंद. जिना वापरा.’ पाचव्या मिनिटाला चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळलं. हिशेबवाल्या बाईंनी तर अंगठासुद्धा पाठवला. साहेब शरमेने लाल. तासाभरात शुद्धिपत्रक आलं : चार परिच्छेद, तीन संदर्भ, प्रत माहितीस्तव सर्वांना. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला नऊ माणसं लिफ्टसमोर रांगेत उभी होती, आणि शुद्धिपत्रकानुसार ती नक्की चालू आहे की बंद, यावर वाद घालत होती.