तेच थर्मो, पण जर्मनीत

नागपूरच्या हिंगणा रोडवर इंजिनिअरिंग कॉलेजांची एवढी दाटी कशी झाली, यावर कुणीतरी एकदा प्रबंध लिहायला हवा. वानाडोंगरीला 1984 मध्ये यशवंतराव चव्हाण कॉलेज निघालं, डिगडोहकडे 1996 मध्ये रायसोनी आलं, आगेमागे आणखी काही आली आणि या सगळ्यांना खेटून एमआयडीसी. 2020 पासून लोकमान्य नगरपर्यंत मेट्रोही धावते. म्हणजे शिक्षण, इंटर्नशिप, नोकरी आणि नोकरीवरून घरी परतणं, सगळं एकाच रस्त्यावर उरकतं. असं असूनही एखादं पोरगं एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघालं, की ते काहीतरी वेगळं शिकायला चाललंय असं आपल्याला वाटतं. शेजारीपाजारी पेढे खातात. त्या पोराच्या हातात मात्र समतुल्यतेचा फॉर्म असतो, आणि वेगळं काही शिकू नये यासाठीच तो छापलेला असतो.

फॉर्म साधा आहे. डाव्या रकान्यात आपला विषय, त्याचा कोड, क्रेडिट. उजव्या रकान्यात तिकडचा विषय, कोड, क्रेडिट. खाली विद्यार्थ्याची, विभागप्रमुखांची आणि परीक्षा विभागाची सही. उजवीकडचं नाव डावीकडच्या नावाशी जितकं जुळेल, तितकी सही लवकर मिळते. मग तिकडच्या विद्यापीठाची शेकडो विषयांची यादी समोर उघडी असतानाही पोरगं पत्रिका जुळवायला बसल्यासारखं बसतं. चार युनिट जुळली, पाचव्यात थोडी खोट आहे, प्रॅक्टिकलचे तास बसत नाहीत म्हणजे मंगळ आहे. शेवटी थर्मोडायनॅमिक्सला थर्मोडायनॅमिक्सच मिळतं आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडे वाहते, हे मे महिन्यात नागपुरात राहिलेल्या माणसाला जर्मन प्राध्यापकांनी नव्याने काय सांगायचं? माझं म्हणणं सरळ आहे: जे हिंगण्यात मिळतं ते हिंगण्यात शिकावं, आणि तिकडे जाऊन जे हिंगण्यात कधीच मिळणार नाही तेच निवडावं.

याला पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही, दीक्षाभूमी याच शहरात आहे. बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. एक्सचेंज वगैरे भानगड तेव्हा नव्हती, पण विषय निवडायचा प्रश्न हाच होता. त्यांनी घेतलेल्या विषयांचा हिशेब उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, आणि फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. ही यादी आजच्या एखाद्या विभागप्रमुखापुढे ठेवली, तर ते चष्मा काढून पुसतील. एम.ए. अर्थशास्त्रात करणाऱ्या मुलाला मानववंशशास्त्र कशाला? पण भारतातल्या जातिसंस्थेवरचा त्यांचा तो प्रसिद्ध निबंध मे 1916 मध्ये वाचला गेला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. मुख्य विषयाच्या रकान्यात न बसणारा वर्ग, आणि वाचून शंभर वर्षं उलटली तरी ज्यावर वाद घालावा लागतो असा निबंध तिथूनच निघाला.

आता आक्षेप. पहिला ठरलेला: ‘ते बाबासाहेब होते, आमच्या बंट्याला दोन बॅक आहेत.’ मान्य. पण बंट्याला तिकडे पुन्हा तोच विषय दिल्याने त्याचा बाबासाहेब होणार नाही, फार तर तिसरी बॅक परकीय चलनात लागेल. दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे: क्रेडिट. जुळत नसलेला विषय घेतला आणि इकडे धरला गेला नाही, तर वर्ष गेलं. इथे मात्र थोडी आकडेमोड करावी. युरोपातली क्रेडिट पद्धत इरॅस्मस योजनेच्या पोटी 1989 मध्ये जन्मली, आणि ती जन्मली मुळी एकीकडचा अभ्यास दुसरीकडे धरता यावा म्हणूनच. तिथे वर्षाला 60 क्रेडिट, सेमिस्टरला 30, आणि एक क्रेडिट म्हणजे घरी वाचलेले तासही धरून 25 ते 30 तासांचं काम. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे वर्गातले साधारण 15 तास. घरी काय केलं हे विद्यापीठ विचारत नाही, आणि तेच सगळ्यांच्या सोयीचं आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं 160 क्रेडिटची, म्हणजे सेमिस्टरला सरासरी 20. तेव्हा तिकडचे 30 म्हणजे दीडपट हुशारी नव्हे, हे नातेवाइकांना वेळीच सांगावं. याच 160 मध्ये ओपन इलेक्टिव्ह नावाची मोकळी जागा असते. तिचा आजवरचा मुख्य उपयोग म्हणजे पेपर सोपा कुठला याची चौकशी. ती जागा जपून ठेवावी आणि परदेशातल्या सेमिस्टरला खर्च करावी. हिंगणा रोडवरची मोठी कॉलेजं स्वायत्त आहेत. त्यांची अभ्यास मंडळं त्याच आवारात बसतात. सही मागायला मुंबईला जावं लागत नाही, जिना चढावा लागतो.

तिसरा आक्षेप असा, की मोकळीक दिली तर पोरं मातीकाम आणि पोहणं घेऊन येतील. काही घेतील. सीनियरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कुठल्याही खंडातला सोपा विषय दोन तासांत हुडकून काढतो, या बाबतीत आपलं मनुष्यबळ जागतिक दर्जाचं आहे. पण विषय हमखास अवघड कसा करायचा, याची युक्ती आहे: ज्यात बोलावं लागतं तो सेमिनार घ्यायचा. आपल्याकडे तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न ‘जर्नल पूर्ण आहे का’ आणि दुसरा ‘गाव कोणतं’. तिकडे परीक्षक अर्धा तास समोर बसून तुमचं मत विचारतो. मत! चार वर्षांत कुणी न मागितलेली ही वस्तू एकदम कुठून काढायची, या विवंचनेत जे शिक्षण होतं ते कुठल्याच युनिटमध्ये नाही. आणि प्लेसमेंटच्या मुलाखतीत ‘जर्मनीत काय शिकलास’ या प्रश्नाला ‘इथे होतं तेच’ हे उत्तर ऐकून एमआयडीसीतलाही कुठला साहेब खुर्चीतून उठणार नाही.

राहिला निकाल. जर्मनीत 1.0 हा सर्वांत वरचा ग्रेड, 4.0 ला जेमतेम पास, आणि त्यापुढे नापास. ही उलटी शिडी समतुल्यतेच्या फॉर्मवर सूत्राने सरळ करता येते, हिंगण्यातल्या काकांपुढे नाही. पोरगं वर्गात पहिलं येऊन गुणपत्रक घेऊन उभं राहील, आणि काका चष्मा कपाळावर चढवून विचारतील, ‘‘काऊन रे, इतक्या दूर जाऊन एकच मार्क भेटला?’’