जावयाच्या दारात ३६ फूट

अमेरिकेतली मराठी मंडळी निवृत्त झाली की काही गीतेकडे वळतात, काही महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाकडे, आणि अगदी मोजकी मोटरहोमकडे. या तिसऱ्या जातीचे काका ओळखायला सोपे. ‘कसे आहात?’ विचारलं की ते गुडघ्यांचं सांगत नाहीत, टाक्यांचं सांगतात. पिण्याच्या पाण्याची भरलेली, सांडपाण्याची निम्मी, आणि तिसरी... तिसरीचा विषय ते नेमका पानावर बसल्यावर काढतात.

जन्मभर काकांनी टोयोटा चालवली, तीही पुढे-मागे मोकळी जागा बघूनच लावली. आता ३६ फुटांचं धूड हाकतात. वजन २६,००० पौंडांच्या आत असलं तर बहुतेक राज्यांत साधं लायसन्स चालतं. सरकारने आपल्यावर दाखवलेला विश्वास, असं काका याकडे बघतात. काकू तसं बघत नाहीत. लेन बदलायची वेळ आली की त्या रामरक्षा सुरू करतात.

हे सगळं कशासाठी? तर ‘मुलांवर भार नको’ म्हणून. लेक नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. न्यू जर्सीहून विमानाने दोन तासांच्या आत माणूस पोचतो. काका दोन दिवस घेतात. गाडी गॅलनला आठेक मैल देते, म्हणजे नुसतं जायलाच ६० गॅलन पेट्रोल. ‘पण हॉटेल वाचतं ना!’ असं काका म्हणतात. लेकीकडे जाताना हॉटेल कुठून आलं, हे त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही.

वाटेतलं त्यांचं खरं दुःख बाल्टिमोर. शेगडीसाठी गाडीत प्रोपेनची टाकी असते, त्यामुळे बंदराखालच्या बोगद्यांत शिरायला मनाई. पूर्वी बंदरावरच्या ‘की ब्रिज’ या पुलावरून जाता यायचं. २०२४च्या मार्चमध्ये जहाज धडकून तो कोसळला आणि काकांच्या नशिबी शहराच्या पश्चिमेचा वळसा आला. हा सगळा इतिहास ते त्या वळशावर दर खेपेला सांगतात. ऐकायला गाडीत एकट्या काकूच असल्या तरीही. पुढे डरॅमला ट्रकांची छपरं सोलणारा तो प्रसिद्ध रेल्वेपूल आहेच. उंची ११ फूट ८ इंच होती, २०१९ साली ८ इंचांनी वर उचलला. काकांची गाडी तरीही मावत नाही. त्या पुलाचे व्हिडिओ ते जावयाला दाखवतात, जावई ‘हो का!’ म्हणतो. चांगला मुलगा आहे.

पोचल्यावर काका ‘तुम्ही आमचं काही बघू नका’ असं जाहीर करतात. अर्ध्या तासात गॅरेजमधून जावयाची वीज, बागेतल्या नळावरून पाणी आणि खिडकीतून वायफाय गाडीत सुरू झालेलं असतं. लेकीने आवरून ठेवलेली पाहुण्यांची खोली रिकामीच. काकू गाडीतल्या चिमुकल्या ओट्यावर पोह्यांची फोडणी टाकतात, धुराचा अलार्म ठणाणा करतो, काका पंचा हलवत छताची झडप उघडतात आणि समोरचे गोरे शेजारी गाउनमध्येच बाहेर येतात. मग पोहे लेकीच्या गॅसवर होतात आणि खायला सगळे बाहेर गाडीत.

एक मात्र कबूल करायला हवं. नातवाच्या मोबाइलवरून, जावयाच्या पगारावरून घरात वाजायची चिन्हं दिसली की काका ‘जरा बॅटरी बघून येतो’ म्हणत उठतात. चाळिशीतल्या लेकीशी सलग आठवडाभर गोडीत राहणारा दुसरा बाप माझ्या बघण्यात नाही.

चौथ्या दिवशी कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र येतं : दारात असली वाहनं २४ तासांच्या वर उभी करता येणार नाहीत. जावई ओशाळतो, लेक चिडते. काकू आशेने विमानांच्या वेळा बघू लागतात. काका चष्मा चढवून पत्र दोनदा वाचतात.

‘यात घाबरण्यासारखं काय आहे?’ ते म्हणतात. ‘रोज सकाळी दूध आणायला हिलाच घेऊन जात जाऊ.’