भाऊबंद एका चौकटीत

खान्देशात लग्नपत्रिका खालून वर वाचतात. तारीख, मुहूर्त, कार्यालय हे सगळं फोनवर कधीच कळलेलं असतं. पत्रिका हातात पडली की माणूस थेट तळ गाठतो आणि आपलं नाव शोधतो. निमंत्रकांत आहे की नुसतं विनीतमध्ये? धाकट्याच्या वर आहे ना? एवढी खात्री पटली, की मग सवडीने नवरदेवाचं नाव.

पूर्वी ही जोखीम प्रेसवाल्याची होती. तो कोरल ड्रॉ उघडून बसायचा आणि आपण त्याच्या पाठीशी उभं राहून ‘जरा डावीकडे घ्या’ म्हणायचो. आता 2013 साली सिडनीत सुरू झालेलं कॅन्व्हा धुळ्याच्या गल्लीबोळांत पोचलं आहे आणि घरोघरी एक तरी प्रेसवाला तयार झाला आहे. आमच्या घरातला तो मी. पुतण्याचं लग्न, मुलगी जळगावची, पत्रिका माझ्या गळ्यात.

कॅन्व्हावर पत्रिका म्हणजे सुट्या वस्तूंचा पसारा. गणपती वेगळा, त्याच्या बाजूच्या दोन समया वेगळ्या, खालची ‘श्री एकवीरा देवी प्रसन्न’ ही ओळ आणखी वेगळी. गणपतीला जरा वर सरकवावं तर तो एकटाच जातो, समया आणि देवी जागच्या जागी. त्यावर उपाय असा, की शिफ्ट दाबून ठेवायचं, चौघांवर एकेक टिचकी मारायची आणि कंट्रोल-जी. चौघांभोवती एक चौकट येते. आता गणपती हलला की दिवे हलतात, लहान केला की देवीची ओळही त्याच मापात लहान होते. एखादाच बदलायचा असेल तर त्याच्यावर दोनदा टिचकी; बाकीचे चौकटीत गुमान बसून राहतात. आणि नकोच झालं, तर कंट्रोल-शिफ्ट-जी. मोजणीदार नाही, तलाठी नाही, सातबारा नाही, वाटणी पूर्ण!

मॅक्स वर्थायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1923 साली मांडून ठेवलं आहे, की माणसाचा डोळा जवळजवळच्या, सारख्या दिसणाऱ्या आणि एकत्र हलणाऱ्या गोष्टींना एक धरतो. कॅन्व्हाची सगळी मदार यावरच. वर्थायमरना आमचे जिभाऊ भेटले नव्हते, एवढंच.

जिभाऊ म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. कच्ची पत्रिका पाठवली आणि मिनिटभरात फोन. “मनं नाव खाले कसं गयं रे?” मी म्हटलं, “जिभाऊ, कार्यवाहकांचा ग्रुप वर सरकवला, त्याच्या धक्क्याने तुमचा खाली आला.” पलीकडे शांतता. धक्का कोणी दिला, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

तसा आमचा प्रांतच एकत्र करण्यात आणि सोडवण्यात मुरलेला. सबंध खान्देशाचा एक जिल्हा होता. 1906 साली पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. 1998 साली धुळ्यातून नंदुरबार सुटा झाला. मधल्या काळात, 1990 साली, जळगावला विद्यापीठ निघालं आणि त्याच्या चौकटीत हे सगळे पुन्हा येऊन बसले. हल्ली त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. जिल्हे तीन झाले, पण वांग्याचं भरीत तिन्हीकडे आपलंच सांगतात.

कोण कुणाबरोबर हलतं हे पाहायचं तर कानबाईच्या सणाला यावं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. घरातली माणसं मोजून त्या हिशेबाने रोटांचा गहू घ्यायचा आणि रोट भाऊबंदांतच खायचे. बांधावरून कोर्टात गेलेले दोघे त्या दिवशी एका पंगतीला बसतात; बोलत नाहीत, पण बसतात. सुरतेला गेलेलाही येतो. कुणाचे रोट एकत्र आणि कुणाचे वेगळे, हे ज्याला पाठ आहे त्यानेच खरं तर पत्रिकेला हात लावावा. आमच्या घरात ते फक्त आईला पाठ आहे, आणि तिला माऊस धरता येत नाही. म्हणून ती शेजारी खुर्ची टाकून बसली आणि मी टिचक्या मारत गेलो. “हा यांच्यात घे. नको, याला तिकडे. त्यांची सून या घरातली आहे.” अशी अक्कल कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये भरणार? जळगावकरांकडून आलेली यादी बघून तर ती म्हणाली, “यांच्यातही एक जिभाऊ दिसतो.”

शेवटी पुतण्याने तोड काढली. नावं एकाखाली एक नकोतच. दोन रकाने करू, समोरासमोर, एकाच उंचीवर, मधलं अंतर सारखं. केलं. कॅन्व्हाच्या जांभळ्या रेषेने दोन्ही रकाने एका पातळीत असल्याची ग्वाही दिली. वर कोणी नाही, खाली कोणी नाही. पत्रिका पाठवली. जिभाऊंनी या वेळी बराच वेळ घेतला.

“ते ठीक शे भाऊ,” ते म्हणाले, “पन यात डावीकडला मोठा, का उजवीकडला?”