कुलूप ऑनलाइन, पाहुणे बाहेर

पूर्वी पाहुण्यानं कडी वाजवली की आतून "कोण आहे?" असं यायचं. आता दार स्वतःच विचारतं, आणि त्याला उत्तर सहा आकडी लागतं.

जानेवारीत बारामतीला 'कृषिक' प्रदर्शन भरतं आणि त्याच सुमारास उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात. दोन्ही एकाच फेरीत उरकायचं असा बायकोनं बेत केला. प्रदर्शन तिच्या मामांसाठी, पक्षी तिच्यासाठी आणि गाडी चालवणं जावयासाठी. मुक्कामाला तिनं मोबाईलवरून दोन घरं ठरवली. एक बारामतीतला फ्लॅट, दुसरा इंदापूर तालुक्यात कुंभारगावच्या बाजूला पाण्याकाठचा बंगला. दोन्ही एकाच मालकाची, दोन्ही 'फुल्ली स्मार्ट'. मालक हिंजवडीत. त्याचा निरोप आला : "सेल्फ चेक-इन आहे. कुणालाही भेटायची गरज नाही."

मामांना तो फोनवर वाचून दाखवला. मामा अंथुर्ण्याचे. घरचा ऊस, थोडं डाळिंब आणि या बांधावरून त्या बांधावर बोलायची जन्माची सवय. "कुणालाच भेटायचं न्हाई?" ते म्हणाले. "मग जायचं कशाला?"

सोलापूर रस्त्यानं पाटसपर्यंत गेलो आणि उजवीकडे बारामतीला वळलो. दिवस गाळपाचे. दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर ओलांडणं हा या भागातल्या साहसी पर्यटनाचा भाग आहे आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. बारामतीच्या एसटी स्टँडवर मामा उभेच होते. हातात पिशवी, पिशवीत भाकरी, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे.

फ्लॅटच्या दारावर काळं चकचकीत कुलूप होतं. बोट लावलं की त्यावर आकडे उजळतात, असं निरोपात लिहिलं होतं. माझं बोट लावलं, बायकोचं लावलं, मामांनी अंगठा उठवला. सातबाऱ्याच्या कामाला चालतो तो अंगठा इथं चालला नाही. मालकाला कळवलं. उत्तर लगेच आलं : "कुलूप ऑफलाइन दिसतंय. सेल संपले असावेत." या कुलपात चार पेन्सिल सेल असतात आणि ते दाराच्या आतल्या बाजूनं बसवलेले असतात. बदलायला आत जावं लागतं, आत जायला बदलावे लागतात. यावर कंपनीनं तोड काढलेली असते : कुलपाच्या खालच्या कडेला दोन बारीक पितळी ठिपके असतात. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी त्यांना टेकवली की कुलपाला तेवढ्यापुरती जाग येते.

रात्रीच्या वेळी ती बॅटरी शोधत मी भिगवण चौकाकडे गेलो. एक इलेक्ट्रिकचं दुकान शटर ओढायच्या बेतात होतं. "नऊ व्होल्टची..." एवढंच म्हणालो, तर दुकानदारानं वर न बघता गल्ल्याशेजारच्या खोक्यातनं काढून दिली.

"तिसरा मजला, काळं कुलूप ना?" तो म्हणाला. "नुसती टेकवायची. दाबायची नाही. पाहुणे दाबतात."

माझ्या आधी बरेच जण हाच प्रवास करून गेले असावेत. त्या खोक्यात दुसरं काही नव्हतंच.

घर आतून देखणं होतं. भिंतीवर बटणं नव्हती. दिवे आवाजानं लागतात, आणि टेबलावरच्या डबीतल्या बाईला हिंदी आणि इंग्रजी येतं, मराठी नाही. मामा तिला म्हणाले, "लाईट घाल गं बाई." तिनं कुठलंसं पंजाबी गाणं लावलं. "बंद कर" म्हटल्यावर तिनं आवाज वाढवला. बायकोनं हिंदीत समजूत घातली तेव्हा दिवे लागले. "सुनेला सांगावं लागायचं न्हाई एवढं हिला सांगावं लागतंय," मामा म्हणाले. यावर बायकोनं सुनांची बाजू घेतली आणि गाण्याचा प्रश्न मागे पडला.

वायफायच्या पासवर्डात एक मोठं अक्षर, दोन आकडे, एक चिन्ह आणि मालकाच्या कुत्र्याचं नाव होतं. ही बारामती मोरोपंतांची. ज्यांच्या नावावर 108 रामायणं आहेत आणि ज्यांनी त्यातलं एक ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं रचलं, त्यांना हा पासवर्ड एका बैठकीत पाठ झाला असता. आम्ही मात्र तो एकमेकांना ओरडून सांगत होतो, आणि तेवढ्यात फोन किणकिणला : "घरात आवाज मर्यादेबाहेर जातोय. शेजाऱ्यांचा विचार करावा."

छताला चिकटवलेली पांढरी वाटी ऐकत होती. अशा घरांत पूर्वी कॅमेरेही असायचे. एअरबीएनबीनं 30 एप्रिल 2024 पासून जगभर घराच्या आतले कॅमेरे बंद केले. आवाजाची पातळी मोजणारं यंत्र मात्र आधी सांगून ठेवता येतं. ते शब्द साठवत नाही, फक्त किती मोठ्यानं ते मोजतं. मामांच्या बाबतीत तेवढंच पुरेसं होतं.

मामांनी आवाज कमी करून ठेचा करायला घेतला. तव्यावर मिरच्या तडतडल्या, लसूण पडला, तिघांना ठसका लागला आणि स्वयंपाकघराच्या छतावरचं धुराचं यंत्र कोकलायला लागलं. ते कोकललं म्हणून बैठकीतल्या आवाजाच्या यंत्रानं मालकाकडे तक्रार केली. मालकाचा पुन्हा निरोप : "प्लीज, पार्टी नको." घराची भांडणं घरातच मिटावीत, पण हे घर सगळं हिंजवडीला सांगत होतं. मी स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घातला. मामांनी ठेचा मात्र उतरवला नाही. "अर्धा कच्चा ठेचा पाहुण्याला वाढत न्हाईत," म्हणाले. या घरात पाहुणे तेच होते, हे त्यांना पटलं नाही.

पहाटे साडेचारला मामांची आंघोळ असते. गीझर मालकाच्या फोनवर चालतो आणि सहाला सुरू होतो. मालकाचाही हिशेब चूक नाही : दोन किलोवॉटचा गीझर तास चालला की दोन युनिटं जातात, आणि पाहुणे तो चालू ठेवून फिरायला जातात. मामांनी थंडच पाणी घेतलं. त्यातच न्हाणीघराचा दिवा हालचाल दिसली तरच जळणारा. मामा डोळे मिटून स्तोत्र म्हणत स्थिर उभे राहिले की अंधार. मग मध्येच एक हात वर करायचा, की पुढचा श्लोक उजेडात.

आंघोळ आटोपून ते गॅलरीत आले, बंडीतून बटणांचा जुना फोन काढला, एक नंबर लावला आणि एक आकडा दाबला. पलीकडून एक बाई अस्सल मराठीत म्हणाली, "मोटर चालू झाली आहे." इथं शेजारच्या खोलीतला गीझर आमचं ऐकत नव्हता आणि तिथं पंचवीस-तीस किलोमीटरवर अंथुर्ण्याच्या विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर मामांच्या एका बोटानं पाणी उपसायला लागली होती.

याला इकडे मोबाईल स्टार्टर म्हणतात. पेटीत सिमकार्ड असतं. तिन्ही फेज आल्यात का ते पेटी बघते, विहिरीत पाणी नसेल तर मोटर बंद करते, लाइट गेली तर फोन करते. शेतीपंपाला थ्री-फेज लाइट पाळीनं मिळते आणि ती पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीला बॅटरी आणि काठी घेऊन, साप-विंचू चुकवत, मोटर चालू करायला विहिरीवर जायचं, हा कित्येक वर्षांचा नेम. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' या नावानं असंच यंत्र केलं आणि 2009 मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. घरातला दिवा फोनवर लावायची टूम शहरात येण्याआधी इकडची विहीर फोन उचलत होती.

"ही पेटी आली आन् रात्रीची झोप लागाया लागली," मामा म्हणाले. ते हळूच बोलले असावेत, कारण फोन किणकिणला नाही.

प्रदर्शनात मामांनी मला दुपारपर्यंत उन्हात फिरवलं. शारदानगरला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतावर ऊस एआयच्या जोरावर वाढवतात. मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डची माणसं त्यात आहेत आणि 2025 साली सत्या नडेलांनी या उसाची गोष्ट जगाला सांगितली. मातीत रोवलेला सेन्सर मुळाशी ओल किती ते सांगतो, वरून उपग्रहाचं चित्र येतं आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीत निरोप येतो : आज पाणी द्या, आज नको. मामांनी सेन्सरशेजारची माती उचलली, मुठीत दाबली, मूठ उघडली. ढेकूळ फुटलं नाही. "ओल हाय," ते म्हणाले. पडद्यावरही तेच होतं. मामांनी यंत्राकडे बघून मान हलवली. पास केलं.

दुपारनंतर इंदापूर रस्ता धरला. काटेवाडी लागली. आषाढात तुकोबांची पालखी इथं येते तेव्हा परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला गोल रिंगण. हजारो माणसं या रस्त्यावर मुक्कामाला उतरतात आणि सेल्फ चेक-इन करतात. एकालाही कोड लागत नाही. वालचंदनगरचा फाटा मागे पडला. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग होतात. त्यांचे सेल कोण बदलतं, असं विचारायचं माझ्या मनात आलं. निमगाव केतकीला मामांनी पानं घेतली आणि "इथलं पान लई कोवळं" म्हणून माझ्याही तोंडात कोंबलं.

पाण्याकाठचा बंगला रात्री सुरळीत होता. लाइट जाईपर्यंत. वायफाय गेलं, डबीतली बाई गेली, पडदे अर्ध्यावर अडकले. घर एकदाचं गप्प झालं आणि आम्ही गाढ झोपलो. दोनच्या सुमारास लाइट आली. असे दिवे वीज परतली की सहसा आपणहून पूर्ण उजेडात पेटतात. पेटले. सगळे. पडदे उघडले, टीव्हीनं स्वागत केलं, बाईनं कालचं पंजाबी गाणं पुढे सुरू केलं. उजनीच्या रोहित पक्ष्यांनी त्या रात्री दोनदा सकाळ पाहिली असणार.

फोन किणकिणला. मामांनी तो माझ्या हातातनं घेतला आणि थेट मालकाला लावला.

"जागा का रं अजून?"

पलीकडून एक दमलेला तरुण आवाज आला. अलर्ट आला की उठावं लागतं, म्हणाला. कुलपाचे सेल, दिवे, पाण्याची टाकी, आवाज, सगळं त्याच्या उशाशी वाजतं. माणूस ठेवायचा खर्च वाचावा म्हणून हे बसवलं.

"म्हंजी राखणीला तूच," मामा म्हणाले. "गाव कंचं तुजं?"

गाव पळसदेव. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलेलं. आजोबांचा वाडा ज्या पाण्याखाली आहे तेच पाणी दिसावं म्हणून त्यानं इथं जागा घेतली होती. मामांना आजोबा ठाऊक निघाले. मग बराच वेळ सोयरीक चालली, आणि आवाजाचं यंत्र ज्याच्याकडे तक्रार करणार तोच मोठ्यानं हसत असल्यामुळे त्याचा नाइलाज झाला. शेवटी मामांनी त्याला हुरड्याचं आवतण दिलं.

"लोकेशन पाठवा," तो म्हणाला.

"लोकेशन कसलं? अंथुर्ण्याला उतर आन् कुणालाबी इचार."

सकाळी नावेतून गेलो. नावाड्यानं इंजिन बंद केलं, आणि रोहित चिखलात चोची उलट्या घालून न्याहारी करताना दिसले. बायकोनं मनसोक्त फोटो काढले. परतताना फोननं विचारलं, घर कसं वाटलं, तारे द्या, दोन ओळी लिहा. बायकोनं पाच तारे दिले. दोन ओळी मामांनी सांगितल्या, मी लिहिल्या :

"घर झ्याक हाय. मालक रातभर जागा असतो."

त्या आठवड्यात त्याच्याकडे आणखी बुकिंगं आली म्हणे.