देवळालीचा ताप

गेल्या दिवाळीत मामा रुसले. आमच्या घराण्याला हे नवं नाही. माझ्या मुंजीत त्यांना मानाचा टॉवेल मिळाला, तो धाकट्या मामांच्या टॉवेलपेक्षा वीतभर आखूड निघाला. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण या वेळी ते थेट इंग्लंडवर रुसले.

झालं असं, की लेस्टरला असणारा माझा मामेभाऊ फोनवर बोलता बोलता म्हणाला, "बाबा, नो ऑफेन्स हं, पण..." इंग्रजीतलं 'नो ऑफेन्स' आणि मराठीतलं 'राग मानू नका' ही सख्खी भावंडं. दोघंही आधी पायघड्या घालतात आणि मग पाय ओढतात. तर त्याच्या ऑफिसातली एक बाई साहेबाविषयी म्हणाली होती, 'ही हॅज गॉन डूलॅली.' म्हणजे साहेबाचं डोकं फिरलंय. आणि हे डूलॅली म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली नाशिकजवळची देवळाली. जिथे मामांचं चार खोल्यांचं घर, दोन चिकूची झाडं आणि चाळीस वर्षांची अब्रू आहे.

"म्हणजे आम्ही वेडे?" मामांनी फोन मामींच्या हातात दिला आणि चकलीचं ताट दूर सारलं. मामांनी चकली नाकारली की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

त्यांना शांत करण्याची कामगिरी माझ्यावर आली, कारण मी चार पुस्तकं वाचतो असा घरात समज आहे. मी सांगितलं, की इंग्रजांनी 1861 साली इथे लष्करी छावणी टाकली. नोकरीची मुदत संपलेला गोरा शिपाई इथे यायचा आणि मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत बसायचा. जहाजं सुटायची नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलात संपली, त्याने अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढायचा कुठे? इथेच. कवायत नाही, काम नाही. मग दारू, पत्ते, मारामाऱ्या. काहींचं डोकं खरंच फिरायचं. त्याला शिपाई म्हणायचे 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप उतरला आणि नुसतं डूलॅली राहिलं.

"म्हणजे वेडे झाले ते गोरे," मी म्हटलं.

"मग ताप आमचा कसा?" मामा म्हणाले.

हे खरंच होतं. त्यात मी एक चूक केली. बीबीसीने 1974 साली या छावणीवर एक विनोदी मालिका काढली होती, हेही सांगून बसलो. मामांनी विचारलं, चित्रीकरण कुठे झालं? मी म्हटलं, इंग्लंडातच. "बघ! नाव आमचं आणि शूटिंग तिकडे," मामा म्हणाले. रुसव्याला दुसरं कलम मिळालं.

मग मी जग दाखवायला निघालो. इंग्रज काही आपल्यालाच बोलत नाहीत. सतराव्या शतकात व्यापारावरून त्यांची आणि डचांची तीन युद्धं झाली. आज इंग्रजीत दारू पिऊन आलेलं शौर्य ते 'डच करेज', आणि मेजवानीला बोलावून आपापलं बिल भरायला लावणं ही 'डच ट्रीट'. न सांगता सटकणं म्हणजे 'फ्रेंच लीव्ह'. फ्रेंच लोक त्यालाच इंग्रजी पद्धतीने निघून जाणं म्हणतात. हिशेब चुकता. आणि आपण तरी कमी आहोत का? अंदाधुंदी म्हणजे मोगलाई, आणि सरळ काम वळसा घालून केलं की द्राविडी प्राणायाम. इतकंच काय, लंडनमध्ये 1247 साली बेथलेहेमच्या नावाने एक मठ निघाला, पुढे तिथे वेड्यांचं इस्पितळ झालं, आणि 'बेथलेहेम'चा उच्चार झिजत झिजत 'बेडलम' झाला. बेडलम म्हणजे नुसता गोंधळ. ज्यांनी येशूच्या जन्मगावाला सोडलं नाही, ते देवळालीला कशाला सोडतील?

मामा जरा निवळल्यासारखे दिसले. चकलीकडे हातही गेला. पण तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. चिरंजीवांनी ऑफिसातल्या बाईला सांगितलं होतं, की माझं गाव तेच. बाई म्हणे खुर्चीतून पडेपर्यंत हसली.

"या कार्ट्याला," मामा कडाडले, "ठाण्याला भरती केला पाहिजे!"

दिवाणखान्यात शांतता पसरली. कोपऱ्यात मावशी करंजी खात बसली होती. मावशीचं सासर ठाण्याचं. तिने अर्धी करंजी ताटलीत ठेवली, ताटली टीपॉयवर ठेवली आणि तोंड पुसलं.

"दादा, ठाण्याला काय आहे?"

"अगं, बोलायची पद्धत आहे ती."

"हो का? मग त्यांचीही बोलायची पद्धतच असेल."

मामांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी चार पुस्तकं वाचलेला माणूस. मला ठाऊक होतं की ठाण्याऐवजी येरवडा म्हणण्याची सोय आहे, पण माझी बायको पुण्याची आहे. मी चकली तोंडात टाकली.

भाऊबीजेला मावशीने ओवाळलं. मामांनी ताटात दरवर्षीपेक्षा पाचशे रुपये जास्त घातले. मावशीने ते तिथेच मोजून घेतले.