खर्डा ते माल्टा, व्हाया खर्डा

अण्णांचा पहिला पराभव विमानतळावरच झाला. त्यांच्या हातातल्या पिशवीत काचेची बरणी निघाली. तपासणीवाल्यानं विचारलं, "यात काय आहे?"

"खर्डा."

"आलात कुठून?"

"खर्डा."

त्या माणसाला आपली थट्टा चालली आहे असं वाटलं. बरणी त्याच्याकडे राहिली, आम्ही पुढे निघालो. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र हरलेल्या माणसाची कळा अजिबात नव्हती, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

हिरव्या मिरचीचा खर्डा आणि जामखेड तालुक्यातलं खर्डा यांत अण्णा फार फरक करत नाहीत. एक आपल्या डोळ्यांतून पाणी काढतं, दुसऱ्यानं निजामाच्या काढलं. 11 मार्च 1795. सवाई माधवरावांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले सगळे एकत्र आले, परशुरामभाऊ पटवर्धनांनी फौजा चालवल्या आणि निजाम अली रात्रीतून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. आत पाण्याचे हाल झाले. दौलताबाद सोडून आणि आपला दिवाण मुशीर-उल-मुल्क पुण्याला ओलीस देऊनच त्याची सुटका झाली. अण्णांनी हा धडा 34 वर्षं शिकवला. निवृत्त झाले तरी तो संपला नाही, फक्त वर्ग बदलला. आता वर्गात मी असतो.

माझी धाकटी बहीण माल्टात नर्स आहे. तिनं तिकिटं काढली. नकाशावर सिसिलीच्या खाली माशी बसावी एवढं बेट. सगळा देश मिळून 316 चौरस किलोमीटर. "म्हणजे आपला तालुका यापेक्षा मोठा," अण्णा म्हणाले आणि तिथं जायला तयार झाले.

विमानतळावरून घरी जाताना ते खिडकीला नाक लावून बसले होते. दगडाचे रचलेले बांध, बांधावर निवडुंग, उन्हानं करपलेली माती, मधेच चार शेळ्या. दहा मिनिटांनी त्यांनी बहिणीला विचारलं, "बाळ, एवढा खर्च करून तू आम्हाला परत जामखेडलाच आणलंस का?" ती म्हणाली, इथं नदी एकही नाही, प्यायला समुद्राचं पाणी गोडं करून घेतात. अण्णा गप्प झाले. निजामाला समुद्र नव्हता, हे त्यांच्या मनात आलं असणार.

व्हॅलेटा शहर गुळाच्या ढेपेच्या रंगाचं आहे. आमच्या काळ्या दगडाची सवय असलेल्या माणसाला ते नवंकोरं वाटतं, पण पाया 1566 चा. त्याच्या आदल्या वर्षी तुर्कांच्या आरमारानं बेटाला जवळजवळ चार महिने वेढा दिला होता आणि सेंट जॉनच्या पंथाचे सरदार झुंजत राहिले. त्यांचा म्होरक्या ला व्हॅलेट तेव्हा सत्तरीचा होता, असं बहिणीनं सांगितलं. अण्णा 71 चे. त्यांनी पाठ ताठ केली आणि पुढचा चढ काठी न टेकता चढले. दुपारी बुरुजावरून बाराची तोफ झाली, तेव्हा मात्र काठीसकट बाकावर बसले.

"रोज उडवतात?"

"रोज. चारलासुद्धा."

"शत्रू नसताना?" त्यांना ती उधळपट्टी वाटली.

पण खरे रंगले ते ससाण्यावर. 1530 मध्ये पाचव्या चार्ल्स बादशहानं हे बेट त्या सरदारांना दिलं, तेव्हा वर्षाचा खंड ठरला एक ससाणा. तो सिसिलीच्या सुभेदाराकडे पोचवायचा. "एक पाखरू? अख्ख्या बेटाचं?" अण्णांना हसू आवरेना. "आमची लढाई झाली चौथाईच्या थकबाकीपायी. ससाणा थकला असता तर नाना फडणवीसांनी नुसता खलिता धाडला असता." रात्री हॉटेलात इथला खास पदार्थ म्हणून सशाचा रस्सा आला. माळकरी अण्णांनी ताट सरकवलं. "खंड ससाण्यात, जेवण सशात. अवघड मुलूख आहे." मग चार दिवस त्यांनी पास्तित्सीवर काढले. पापुद्र्याची करंजी म्हणा, आत वाटाण्याचं सारण. मिरची शून्य.

बोली ऐकून तर ते चक्रावलेच. लिपी रोमन, माणसं कडवी कॅथलिक, आणि देवाला म्हणतात 'अल्ला'. ईस्टरआधीच्या उपासाचं नाव 'रांदान'. पुस्तक ते 'क्तीब', जग ते 'दिन्या', राजा तो 'सुलतान'. मुळात अरबीच भाषा, वरून इटालियन फोडणी. अण्णांनी पानवालीच्या थाटात बसलेल्या पास्तित्सीवालीला समजावलं, "आमचा किल्ला बांधला त्या निंबाळकरांचं नावच सुलतान." तिनं दोन पास्तित्सी जास्त दिल्या. राजघराण्यातले समजली असावी.

गोझो बेटावरच्या जगन्तिया देवळांविषयी फार सांगत नाही. पिरॅमिडांपेक्षा जुनी आहेत. अण्णांचा एकच प्रश्न होता : इतकी जुनी, मग अजून कुणी ऑइलपेंट कसा दिला नाही?

मोस्ताच्या चर्चमध्ये मात्र ते काही बोलले नाहीत. 9 एप्रिल 1942 ला आत माणसं प्रार्थनेला जमली असताना घुमट फोडून बॉम्ब खाली आला, फरशीवर घरंगळला आणि फुटलाच नाही. तसाच एक बॉम्ब आता तिथं उभा करून ठेवलाय. अण्णांनी टोपी काढली, तिची घडी सरळ केली, पुन्हा घातली.

शेवटच्या दिवशी टॅक्सीवाला बोलका निघाला. अण्णांनी धडा सुरू केला, मी इंग्रजीत उतरवत होतो. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "म्हणजे तुम्ही जिंकलात. मग पुढे राज्य कुणाचं?"

34 वर्षांत एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं. अण्णा जरा वेळानं म्हणाले, "इंग्रजांचं. 23 वर्षांत."

टॅक्सीवाल्यानं स्टिअरिंगवर थाप मारली. "आमचंही! 1798 ला नेपोलियननं बेट घेतलं. त्याच्या फौजेला हाकलायला इंग्रजांना बोलावलं, त्यांचं राज्य 1964 ला संपलं."

"तुमच्याकडं मदतीला तरी आले. आमच्या लढाईत लांब उभं राहून नुसते बघत होते."

दोघांनी एकदमच मान हलवली. विमानतळ आला. अण्णांनी मोठी बॅग उघडली, धोतराच्या घडीतून दुसरी बरणी काढली, टॅक्सीवाल्याच्या पास्तित्सीवर चमचाभर खर्डा लावला. त्यानं मोठा घास घेतला. आधी कान लाल झाले, मग डोळ्यांतून धारा. हातानं 'पाणी, पाणी' चाललं होतं.

अण्णा मला म्हणाले, "पाणी दे. पण आधी विचार, तह करतो का."