तक्रार हेच लक्षण

मनोरुग्णालयात अन्याय झाला तर दाद कुठे मागायची, अशी शंका काही कुजकट माणसं काढतात. त्यांनी मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 28 वाचावं. पहिली तक्रार त्याच रुग्णालयाच्या प्रमुखांकडे. समाधान झालं नाही तर पुनरावलोकन मंडळाकडे, तिथेही नाही झालं तर राज्य प्राधिकरणाकडे. सासूचा जाच आधी सासूच्याच कानावर घालायचा, इतकी साधी सोय आहे.

तक्रारपेटीही असते. ती अधीक्षकांच्या केबिनबाहेर आणि रुग्ण कुलपाआड. पेन मागाल तर मिळत नाही, टोचून घ्याल म्हणून. उरलं तोंडी सांगणं. सकाळी राउंडला डॉक्टर विचारतात, "काय रे, डोळा कशाने सुजला?" त्यांच्या मागे हाताची घडी घालून वॉर्डातले मामा उभे असतात, रात्री कानशिलात ज्यांनी लगावली तेच. रुग्ण मामांकडे बघतो आणि म्हणतो, "बाथरूममध्ये पडलो." केसपेपरवर नोंद होते : सहकार्य करतो. एखाद्याने धीर करून मामांचं नाव घेतलंच, तर नोंद होते : संशयी, आक्रमक. रात्रीची गोळी वाढते. दुसऱ्या दिवशी तक्रार बंद. गुण आला!

कायदा मात्र कडक आहे हो. सक्तीचं मुंडण नको, भूल न देता विजेचे झटके नकोत, साखळदंड तर मुळीच नको. नियम मोडलाच तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, फार तर दोन्ही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांनी जखडलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले, तेव्हा देश रीतसर हळहळला. जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातल्या सरकारी मनोरुग्णालयांच्या अमानुष अवस्थेबद्दल नोटिसा काढल्या. बरे झालेले रुग्णही तिथे बेकायदा डांबून ठेवलेले आहेत, म्हणून. रुग्णालयं किती? 46. नोटिशीत किती? सगळी 46. शंभर टक्के निकाल!

तरी विचारतात, वेड्याच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार? 1872 च्या साक्ष कायद्याने ती कधीच बाद केली नव्हती आणि 2023 च्या नव्या कायद्यानेही केलेली नाही. अट एकच : विचारलेला प्रश्न समजला पाहिजे आणि उत्तर सुसंगत देता आलं पाहिजे.

हीच अट चौकशी अहवाल लिहिणाऱ्यांनाही लावून बघावी. मारहाण झाली का, या प्रश्नावर त्यांचं ठरलेलं उत्तर असं : "अशी कोणतीही घटना घडलेली नाही, संबंधित कर्मचाऱ्यास पुन्हा असे न करण्याची समज देण्यात आली आहे."

आता सांगा, साक्ष कुणाची बाद धरायची?